बच्छावनाना आणि फिरती चकती

आमच्या कॉलनीतल्या बच्छावनानांनी एकोणीस वर्षांत एकदाही आपला कॉम्प्युटर बंद केला नव्हता.

एकोणीस वर्षं! या काळात पाथर्डी फाट्याकडचा आमचा रस्ता दोनदा झाला आणि सात वेळा उखडला. माझे दोन्ही गुडघे कामातून गेले. समोरच्या शिरसाठांच्या पोराचं लग्न होऊन, मोडून, पुन्हा दुसरीशी झालं. पण नानांच्या मागच्या खोलीतला तो पिवळा पडलेला डबा ‘घुंऽऽ’ करत राहिला तो राहिलाच. पाहुणे आले की विचारायचे, "मागे गिरणी आहे का हो?" आम्ही म्हणायचो, "नाही, नाना आहेत."

कारण विचारलं की नाना एक बोट वर करून समजावायचे. जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात एक चकती असते. जग तिला हार्ड डिस्क म्हणतं, नाना चकतीच म्हणतात. ती फिरतेय तोवर फिरते. पण म्हातारी चकती एकदा थांबली की जागच्या जागी चिकटते, पुन्हा उठेलच याची खात्री नाही. हे मला पटायचं. मी स्वतः जमिनीवर जेवायला बसणं त्याच कारणासाठी सोडलेलं आहे.

आता नाशिकात राहून एखादी वस्तू एकोणीस वर्षं विजेवर चालू ठेवायची म्हणजे काय, हे ज्यांनी इथलं भारनियमन पाहिलंय त्यांनाच कळेल. नानांकडे एक यूपीएस होता, त्याच्या मागे इन्व्हर्टर, त्याच्या मागे ट्रकची बॅटरी. ती बॅटरी बसली तर दुसरी ट्रकची बॅटरी. एका उन्हाळ्यात तर दोन्ही बॅटऱ्या एकदम बसल्या. नानांचा मेहुणा कांद्याचा भरला ट्रॅक्टर घेऊन लासलगावला निघाला होता, त्याला फोन करून नानांनी अर्ध्या वाटेतून वळवून कॉलनीत आणला. ट्रॅक्टर दारात उभा, इंजिन चालू, त्याच्या बॅटरीतून दोन वायरी खिडकीतून आत. दिवसभर ट्रॅक्टर धडधडत होता आणि मेहुणा आत आमरस खात होता. वरच्या थरातल्या कांद्यांना दारातच कोंब फुटले असं मी सांगतो. मंदा, म्हणजे माझी बायको, ‘काहीतरीच बोलता’ म्हणते. पण कोंब मी स्वतः पाहिले. निदान एका कांद्याला तरी होताच.

नाना मूळचे सटाण्याकडचे. ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं नोकरी केली, विमानातली घड्याळं आणि काटे तपासायच्या खात्यात. किडकिडीत बांधा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर. आयुष्यभर यंत्राला कान लावून लावून त्यांचा उजवा कान डाव्यापेक्षा बोटभर लांब झालाय. बोलणं एरवी आपल्यासारखंच, पण घाबरले, चिडले किंवा फार खूश झाले की गावाकडची अहिराणी वर येते. एखादी मेल्यासारखी दिसणारी चकती कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि मग जाहीर करायचं, "जित्ती शे!" म्हणजे जिवंत आहे. हे दोन शब्द ऐकायला लोक मनमाडहून यायचे.

आणि लोक यायचेच. निवृत्त झाल्यावर नानांनी जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या चकत्या बदलून द्यायचा उद्योग सुरू केला. जे कॉम्प्युटर एके काळी मुलाच्या दहावीला हौसेने घेतले, हार घालून घरात आणले आणि आता माळ्यावर गेले, ते सगळे. दुकानदार म्हणायचा, "फेकून द्या काका, याच्यापेक्षा माझ्या घड्याळात जास्त अक्कल आहे." मग ते काका तो डबा रिक्षात मांडीवर घेऊन नानांच्या व्हरांड्यात हजर.

नाना कंपनी विचारायचे नाहीत, साल विचारायचे नाहीत. पहिला प्रश्न एकच, "जाताना आवाज काय केला?"

मग सुरू व्हायचा तो तमाशा. चांगली प्रतिष्ठित माणसं व्हरांड्यात बसून तोंडाने आवाज काढायची. एकदा देवरेसाहेब आले. निवृत्त तहसीलदार, ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने तलाठ्याच्या हातातला चहा सांडायचा, असे देवरेसाहेब. खुर्चीत ताठ बसून म्हणाले, "किर्रर्र… टक."

"किर्र आधी का टक आधी?" नानांनी विचारलं.

"किर्र आधी."

"नीट आठवा, साहेब. यावर सगळं आहे. त्या वेळी घरात अजून कोण होतं?"

"मिसेस होत्या."

"फोन लावा."

फोन लागला. पलीकडून देवरेकाकूंनी क्षणाचाही विचार न करता आवाज दिला, "टक-टक-किर्रर्रऽऽ! आणि मी तेव्हाच म्हटलं होतं यांना, दुकानात नेऊ नका म्हणून!"

नाना देवरेसाहेबांकडे बघून म्हणाले, "बघा. सुई आधी आपटली, मग घासली. बाईंचा कान खरा." तहसीलदारांची साक्ष फिरवली गेल्याचं ते पहिलंच उदाहरण असावं.

आता चकती मेली तर तशीच दुसरी कुठून आणायची? त्या मापाच्या चकत्या बनणं बंद होऊन जमाना झाला. आजची बाजारातली डिस्क त्या जुन्या कॉम्प्युटरला दाखवली तर तो बिचारा बावचळतो. दोन माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या दारात दोन हजारांची पंगत उभी करावी, तसं होतं. तो म्हणतो, मला काही दिसतच नाही. म्हणून नानांनी युक्ती काढली. कॅमेऱ्यात घालायचं नखाएवढं कार्ड घ्यायचं, बोटभर पट्टीवर बसवायचं आणि ती पट्टी चकतीच्या जागी खोचायची. जुन्या चकतीवरचं जेवढं निघेल तेवढं त्या कार्डावर उतरवायचं. कॉम्प्युटरला वाटतं, आपली जुनीच चकती बरी होऊन घरी आली.

कॉम्प्युटर फसायचा, पण माणसं फसायची नाहीत. आठ दिवसांनी देवरेसाहेब परत आले. "नाना, मेला तो."

नानांनी लावून बघितला. "चालतोय की."

"आवाज कुठाय?"

कार्डाला कसला आवाज! त्यात फिरत काहीच नाही. पण साहेबांचं म्हणणं, शेजारी एवढा गप्प माणूस बसलेला असला की आपल्याला काम सुचत नाही. नानांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी जुन्या स्टॅबिलायझरमधला टकटकणारा एक तुकडा काढला आणि कॉम्प्युटरच्या लाल दिव्याला जोडून दिला. दिवा लुकलुकला की तुकडा खरखरायचा. पुढे हे सगळ्यांनाच लागायला लागलं. ज्याच्या त्याच्या जुन्या चकतीप्रमाणे खरखर बसवून देताना नाना तंबोरा लावल्यासारखी मान डोलवायचे. मी एकदा थकून म्हटलं, "नाना, हे म्हणजे कवळीला दातदुखी बसवून देण्यासारखं आहे." नाना हसले नाहीत. म्हणाले, "मास्तर, गप्प घरात राहून बघा एकदा."

मी भूगोलाचा मास्तर. चाळीस वर्षं महापालिकेच्या शाळेत फळ्यावर खंड काढले आणि पुसले. नानांचं घर आणि माझं घर यांत एकच भिंत. नानांची बायको, आमच्या काकू, जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा हेमंत जर्मनीत. तेव्हा नानांच्या प्रत्येक ऑपरेशनला टॉर्च धरायला मी. टॉर्च हलला की बोलणी खाणारा मी. "मास्तर, सूर्य असा हलतो का तुमच्या भूगोलात?" मेलेल्या चकत्या उघडून त्यांतली आरशासारखी तबकं नाना परसातल्या द्राक्षाच्या मांडवाला टांगायचे, पाखरं येऊ नयेत म्हणून. ती टांगायला स्टुलावर चढणाराही मीच. आमच्याकडे खाल्लेलं प्रत्येक द्राक्ष कुणाच्या तरी जुन्या लग्नपत्रिकांच्या आणि प्रोजेक्टांच्या उजेडात पिकलेलं असायचं.

सांगायचं ते वेगळंच. अख्ख्या जिल्ह्याच्या चकत्या बदलणाऱ्या या माणसाने स्वतःच्या कॉम्प्युटरची चकती बदलली नाही. ती तर सगळ्यांत आजारी. एकोणीस वर्षांपूर्वीच तिने लिहून घेणं बंद केलेलं. वाचायला सांगितलं तर वाचायची, नवीन काही लिहायला सांगितलं तर हटून बसायची.

"मग बदला ना, नाना," मी दर दोन महिन्यांनी म्हणायचो.

"बदलायची तर बंद करावा लागेल."

"मग करा बंद!"

"मास्तर, टॉर्च धरा."

कुणी कॉम्प्युटरच्या धंद्यातला माणूस व्हरांड्यात आला की नाना त्याला हळूच बाजूला घ्यायचे आणि एकच विचारायचे, "चालू असताना चकती बदलता येते का हो?" तो म्हणायचा, "मोठ्या ऑफिसांत असतात तशी यंत्रं, काका. घरच्यात नाही जमत." नाना मान हलवायचे, जसं काही डॉक्टरने नेहमीचंच औषध चालू ठेवायला सांगितलं.

त्या डब्याच्या पडद्यावर काकूंनी विणलेलं कव्हर असायचं. रोज सकाळी चहाचा कप घेऊन नाना त्या खोलीत जायचे, दार लोटायचे, कव्हर काढून दोन मिनिटं पडदा चालू करायचे, बघायचे, विझवायचे. खालचा डबा मात्र घुंऽऽ. आत काय आहे यावर कॉलनीत तट होते. शिरसाठ म्हणायचे शेअर्स. मंदा म्हणायची जुनी कुणाची तरी पत्रं असणार. मी ठाम होतो की विमानाचा गुप्त आराखडा आहे, आणि शत्रूचे दोन हेर आमच्या कोपऱ्यावरच्या रसवंतीत बसून असतात, हेही मी पुष्कळांना पटवून दिलं होतं. खरं काय ते कुणालाच माहीत नव्हतं. माहीत एवढंच, की हा डबा थांबता कामा नये. नाना गावाला जात नसत, लग्नाला गेले तर अक्षता पडल्या की परत. दुपारची झोप अर्धी, कारण लाईट जायची तीही दुपारीच. मला वाटतं, एकोणीस वर्षांत हा माणूस सलग चार तास गाढ झोपला नसेल.

मग यंदाची खंडेनवमी आली.

कारखान्यात जन्म घालवलेल्या माणसाची खंडेनवमी साधी नसते. त्या दिवशी नानांच्या घरात सगळी यंत्रं थंड. "आज त्यांची सुट्टी. चालत्या यंत्राला फूल वाहायचं नाही," हा कायदा. काकू असताना मिक्सर बंद, पंखा बंद, फ्रीजसुद्धा बंद, आणि पूजेनंतर आम्ही सगळे घामाघूम होऊन पाणी झालेलं आइस्क्रीम वाटीने प्यायचो. स्क्रू-ड्रायव्हरपासून तांबडा गंज चढलेल्या पकडीपर्यंत प्रत्येकाला हळदकुंकू, झेंडू, पेढा. सूट एकालाच. त्या घुंऽऽला नाना दोन हात लांबून नमस्कार करायचे.

यंदा आदल्या दिवशी सटाण्याहून फोन आला, थोरल्या बहिणीला दवाखान्यात ठेवलंय. जाणं भाग होतं. नानांनी किल्ली माझ्या हातात दिली. "मास्तर, पूजा तुमच्याकडे. सगळ्यांना नीट फूल वाहा. आणि त्याला…"

"लांबूनच. माहिती आहे."

"हात लावायचा नाही."

"नाना, तुम्ही निश्चिंत जा."

निश्चिंत जा म्हणणाऱ्या माणसाला आधी बांधून ठेवायला हवं, असं माझं आता मत झालं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मंदा ताट घेऊन गेलो. बाकीच्या कॉम्प्युटरांची रांग, सोल्डरिंगची सळई, ड्रिल, सगळ्यांची पूजा यथासांग झाली. मंदा त्या खोलीत थांबली.

"अहो, याला का फूल नाही?"

"हा चालू आहे. नाना लांबूनच करतात."

"चालत्या यंत्राला फूल वाहायचं नाही म्हणतात ना नाना?"

"म्हणून तर लांबून."

"म्हणजे एकोणीस वर्षं या बिचाऱ्याची पूजाच नाही? सुट्टीच नाही? अहो, पोळ्याला बैलाला कुणी जुंपत नाही. आपल्या कामवाल्या सखूबाईला आपण महिन्याचे चार दिवस सोडतो. याने काय असं पाप केलंय?"

मी डब्यावर हात ठेवला. तापात असल्यासारखा गरम होता. आतून ती घरघर येत होती, आणि खरं सांगतो, मला माझे स्वतःचे वडील आठवले. शेवटच्या दिवशीसुद्धा दुकान उघडायला उठले होते. पायांत बळ नाही, पण उठले. मला वाटलं, द्यावी याला अर्धा तास विश्रांती. नानांनीच शेकडो चकत्या बंद करून चालू केलेल्या मी पाहिल्यात, टॉर्च धरून. अर्ध्या तासाने काय होतंय!

मी बटण दाबलं.

घुंऽऽचा आवाज उतरत उतरत गेला. मग घरात अशी शांतता पसरली की भिंतीवरच्या पालीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मंदाने हळदकुंकू वाहिलं, हार घातला, दोन पेढे ठेवले, एक जास्तीचा. आम्ही अर्धा तास शेजारी गप्प बसलो, एखाद्याला झोप लागावी म्हणून बसतात तसे. मग मी बटण दाबलं.

पंखा फिरला. चकती फिरली नाही.

पुन्हा दाबलं. पंखा. मंदाने देवाचं नाव घेतलं. मी मारुतिस्तोत्र म्हटलं, अर्धं विसरलो, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. नुसता पंखा.

दसऱ्याच्या सकाळी नाना परतले. बहीण बरी होती. लोक एकमेकांना आपट्याची पानं देत हिंडत होते. मीही गेटपाशी पानं घेऊन उभा होतो, आणि त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आत मी म्हणालो, "नाना, सोनं घ्या, आणि मग मला जे काय बोलायचं ते बोला. मी तो बंद केला. अर्धा तास. आता उठत नाहीये."

नानांनी पानं घेतली. खिशात ठेवली. मला वाकून नमस्कार करू दिला. चपला काढल्या, हातपाय धुतले, आणि खोलीत जाऊन डब्याचे चार स्क्रू काढले. हार उतरवून बाजूला ठेवला, तोही नीट गुंडाळून.

चकती हातात घेतली. कानाशी धरली. मी टॉर्च धरला, त्या दिवशी माझा सूर्य अजिबात हलला नाही. नानांनी ती उन्हात ठेवून कोमट केली. विजेची वायर जोडून तळव्यावर आडवी धरली आणि मनगटाला एक झटका दिला, गच्च झाकणाची बरणी उघडताना देतो तसा. कान लावला. काही नाही. पुन्हा झटका. काही नाही. मी किती झटके मोजले ते सांगत नाही, कारण ते कुणाला खरं वाटणार नाही. दुपार झाली. मंदाने पुरणपोळीचं ताट आणलं आणि तसंच परत नेलं. शेवटी एका झटक्याला आतून बारीक ‘ईंऽऽ’ असा आवाज आला, तान्ह्या पोराने रडायच्या आधी श्वास घ्यावा तसा.

"जित्ती शे," नाना म्हणाले. पण नेहमीसारखं जाहीर नाही केलं. नुसतं म्हणाले.

लगेच कार्ड जोडलं, आणि चकतीवरचं सगळं त्यावर उतरायला लागलं. तीन तास आम्ही दोघं त्या सरकणाऱ्या आकड्यांकडे बघत बसलो. मी मनातल्या मनात सप्तशृंगीला पायऱ्यांनी येईन असं बोललो, गुडघ्यांची परवानगी न घेता. पाच वाजता काम संपलं. एक फाईलसुद्धा गळली नव्हती. मी ओरडलोच, "नाना! सगळं वाचलं!"

"हो," नाना म्हणाले. "चकतीवर होतं ते सगळं वाचलं."

त्यातला ‘चकतीवर’ हा शब्द मला खटकला. "म्हणजे? अजून कुठे काय होतं?"

नानांनी स्क्रू-ड्रायव्हर पुसला. "मास्तर, तुम्ही फळ्यावर लिहायचात. पोरं वहीत उतरवून घ्यायची. उतरवलं ते राहिलं. फळ्यावरचं फळा पुसला की गेलं, बरोबर? चकती म्हणजे वही. तिने लिहून घेणं बंद केलं होतं. मला हवं होतं ते फळ्यावर होतं. वीज गेली की फळा कोरा."

चाळीस वर्षांत मी हजारो वेळा फळा पुसला असेल. हात कधी असा जड झाला नव्हता.

"काय होतं, नाना?"

"बुद्धिबळाचा डाव."

एकोणीस वर्षांपूर्वी हेमंत बंगळूरला नोकरीला निघाला (तिथूनच पुढे जर्मनीला गेला), त्या सकाळी बापलेक कॉम्प्युटरवर खेळत बसले होते. एक चाल याची, एक त्याची. तेवढ्यात टॅक्सी आली, हॉर्न वाजला. हेमंत म्हणाला, "नाना, माझी चाल आहे. राहू द्या तशीच. आलो की खेळतो." नाना डाव साठवून ठेवायला गेले, तर चकती हटून बसली. डाव साठवायचा तर चकती बदलायला हवी, चकती बदलायची तर बंद करायला हवा, आणि बंद केला की डाव गेला. एवढ्यासाठी या माणसाने व्हरांडा उघडला होता. चालत्या यंत्राची चकती बदलायची काहीतरी युक्ती सापडेल म्हणून गावभरच्या चकत्यांवर हात साफ केला होता. आम्हाला वाटायचं, नाना लोकांची सेवा करतात.

"पण हेमंत मध्ये आला होता की, दोन-तीनदा!"

"आला होता ना. मागच्या वेळी चार दिवस होता. मी इथं दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. दुसरीवर त्याने बॅग ठेवली."

"अहो, मग सांगायचं! फोन करून सांगायचं, तुझी चाल आहे म्हणून!"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. या माणसाला मी अडतीस वर्षं ओळखतो, पण असं पाहिलेलं आठवत नाही.

"मन्हा आंडोर जिकी ऱ्हायंता, मास्तर."

माझा मुलगा जिंकत होता, एवढंच.

"हत्ती शेवटच्या रांगेत नेला की मी संपलो. एका चालीत मात. लहानपणापासून मी त्याला कधी जिंकू दिलं नाही. मुद्दाम हरायचं मला जमलंच नाही. रडायचा, पट आपटायचा, त्याची आई म्हणायची, हरा की हो एकदा. नाही हरलो. त्या दिवशी पहिल्यांदा तो खरोखरचा जिंकत होता, आणि त्याला दिसलंच नाही. आता मी फोन करून सांगू, हत्ती हलव? मग ती चाल माझीच झाली की."

मी म्हणालो, "डाव तुम्हाला पाठ असेल. आत्ता मांडू परत, जसाच्या तसा."

"पाठ शे. पण तो मी मांडलेला डाव. हा त्याने सोडलेला होता."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर नानांनीच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "सोडा, मास्तर. वहिनींचं बरोबर होतं. सुट्टी पाहिजे होती." मग जरा थांबून, "त्यालाच असं नाही." हेमंतला यातलं अक्षर कळू द्यायचं नाही, एवढं मात्र माझ्याकडून वदवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता लाईट गेली. सवयीने मी भिंतीला कान लावला. एरवी लाईट गेली की पलीकडे नानांची धावपळ, खुर्ची पडणं, वायर ओढणं. काहीच नाही. घाबरून किल्ली लावून आत गेलो. नाना कॉटवर पालथे झोपले होते, तोंड उघडं, एक चप्पल अजून पायात. संध्याकाळी सात वाजता उठले आणि मला विचारलं, "आज वार कोणता?"

त्यानंतर आठवड्याने त्यांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, टॉर्च धरायला. तर टेबलावर लाकडी पट मांडलेला, समोर दुसरी खुर्ची, रिकामी.

"मला बुद्धिबळ येत नाही, नाना."

"शिकवतो. बसा."

तेव्हापासून रोज दुपारी मी हरतो. साधंसुधं नाही, सपाटून. माझा घोडा कुठेही उडी मारतो, माझा वजीर दुसऱ्याच्या घरी जेवायला बसतो, माझा राजा तर स्वतःहून मरायला पुढे येतो. नाना वैतागतात. "मास्तर, जरा डोकं लावा! असं कसं हो हरता!" मंदा म्हणते, एवढं चिडायला काय झालं, जिंकतायत ना ते? तिला कसं सांगू की जिंकायला त्यांनी मला बोलावलेलंच नाही.

पण एक आहे. माझी चाल असली आणि मला काही सुचत नसलं, की मी पटाकडे बघत बसतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी पाऊण तास. चहा निवतो, उन्हं कलतात. नाना समोर हाताची घडी घालून बसलेले असतात. अजिबात घाई करत नाहीत.